मोटार भरायला देण्यापूर्वी : विद्युत मोटारीतील बिघाड ओळखण्याच्या पद्धती

विहिरीवरील किंवा बोअरवेलमधील विद्युत मोटार ऐन हंगामात जळाली म्हणजे शेतकऱ्याचे दुहेरी नुकसान होते. मोटार वर काढणे, भरून आणणे व पुन्हा उतरविणे यांचा खर्च होतो, आणि त्याच काळात पिकाची पाण्याची पाळी चुकते. गहू कांडी धरत असताना किंवा उन्हाळी भुईमुगाला आऱ्या सुटत असताना एक पाळी चुकली, तर त्याचा परिणाम थेट उत्पादनावर होतो. पुष्कळदा असेही दिसते की, भरून आणलेली तीच मोटार त्याच हंगामात पुन्हा जळते. अशा वेळी दोष कारागिराला दिला जातो. काही वेळा तो खराही असतो. परंतु बहुतेक वेळा मोटार भरली जाते आणि ती ज्या कारणाने जळाली ते कारण मात्र जागेवरच राहते. मोटार सहसा अचानक जळत नाही. जळण्यापूर्वी ती काही लक्षणे दाखविते आणि जळाल्यानंतरही तिचे वाइंडिंग जळण्याचे कारण सांगते. ही लक्षणे कशी ओळखावीत याची माहिती या लेखात दिली आहे. सौर पंपाबरोबर येणाऱ्या कायम चुंबकाच्या मोटारीचाही स्वतंत्र विचार केला आहे.

मोटारीची रचना

शेतीपंपासाठी मुख्यतः तीन फेजची इंडक्शन मोटार वापरतात. तिचे दोन मुख्य भाग असतात. बाहेरचा स्थिर भाग म्हणजे स्टेटर. तो सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीच्या पोलादी पत्र्यांच्या चकत्या एकावर एक दाबून तयार करतात. त्याच्या खाचांमध्ये तांब्याच्या तारेचे वाइंडिंग बसविलेले असते. आतला फिरणारा भाग म्हणजे रोटर. त्यात ॲल्युमिनियमच्या किंवा तांब्याच्या दांड्या असून त्या दोन्ही टोकांना कड्यांनी जोडलेल्या असतात. लहान मोटारीत स्टेटर व रोटर यांमध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासच फट असते. म्हणूनच बेअरिंग किंवा बुश थोडे झिजले तरी रोटर स्टेटरला घासू लागतो.

तीन फेजचा प्रवाह वाइंडिंगमधून गेला की स्टेटरमध्ये फिरते चुंबकीय क्षेत्र तयार होते. ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्यावर दोन ध्रुवांच्या मोटारीत हे क्षेत्र मिनिटाला ३००० फेरे घेते व चार ध्रुवांच्या मोटारीत १५००. रोटर त्यापेक्षा थोडा मागे राहतो. दोन ध्रुवांची मोटार पूर्ण भारावर २८८० फेऱ्यांनी फिरत असेल, तर ती ४ टक्के मागे आहे असे समजावे. या मागे राहण्यामुळेच रोटरच्या दांड्यांत प्रवाह निर्माण होतो व मोटारीला ओढ येते.

मोटार जळते म्हणजे काय होते ?

वाइंडिंगच्या तारेवर इनॅमलचा पातळ थर असतो. पाण्यात बुडणाऱ्या, आत पाणी भरलेल्या मोटारीत तारेवर प्लॅस्टिकचे आवरण असते. हे आवरण खराब झाले की शेजारच्या तारा एकमेकींना भिडतात व वाइंडिंग जळते. आवरणाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे उष्णता. वाइंडिंगचे तापमान नेहमीपेक्षा १० अंश सेल्सिअसने वाढले तर आवरणाचे आयुष्य साधारणपणे निम्मे होते, असा अनुभवसिद्ध नियम आहे.

तारेत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. पट्टीवर ९ अँपिअर लिहिलेली मोटार ११ अँपिअर घेत असेल, तर प्रवाह २२ टक्क्यांनी जास्त असला तरी तारेतील उष्णता जवळजवळ दीडपट होते. “दोनच अँपिअर जास्त घेते, चालते” असे म्हणणे म्हणूनच महागात पडते.

जळण्याची प्रमुख कारणे

१) कमी विद्युत दाब : मोटारीची ओढ विद्युत दाबाच्या वर्गाप्रमाणे कमी होते. ४१५ व्होल्टऐवजी ३३० व्होल्ट मिळाले तर ओढ सुमारे ६३ टक्केच राहते. पंपाचा भार तेवढाच असल्यामुळे मोटार मंदावते, जास्त प्रवाह घेते व तापते. साधारणपणे दाब ३५० व्होल्टच्या खाली असल्यास मोटार चालवू नये.

२) तीन फेजमधील असमतोल : तिन्ही फेजमधील दाब सारखा नसल्यास प्रवाहातील फरक दाबातील फरकाच्या कित्येक पटीने वाढतो. हे कारण सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

३) एक फेज जाणे : रोहित्रावरील फ्यूज जाणे, तारेचा सांधा सैल होणे किंवा स्टार्टरचा एक काँटॅक्ट जळणे यामुळे एक फेज तुटतो. चालू असलेली मोटार उरलेल्या दोन फेजवर फिरत राहते; परंतु पूर्ण भार असल्यास त्या दोन तारांतील प्रवाह पावणेदोन पट किंवा त्याहूनही अधिक होतो. मोटार बंद असताना फेज गेलेला असेल तर ती सुरूच होत नाही. नुसती गुणगुणते आणि पाच-सहा पट प्रवाह घेऊन थोड्याच वेळात जळते.

४) पंपाचा जादा भार : विहीर भरलेली असताना पाणी कमी उंचीवर चढवावे लागते, म्हणून मोटारीला काम कमी पडते असा समज आहे. सेंट्रिफ्युगल पंपाच्या बाबतीत बहुधा याच्या उलट घडते. उंची कमी झाली की पंप जास्त पाणी फेकतो व मोटार जास्त अँपिअर घेते. खोल पाण्यासाठी निवडलेला पंप पावसाळ्यानंतर काठोकाठ भरलेल्या विहिरीवर चालविताना डिलिव्हरी व्हॉल्व्ह थोडा बंद करून अँपिअर मर्यादेत आणावेत.

५) कोरडे चालणे : पाणबुडी मोटार भोवतालच्या पाण्यामुळे थंड राहते. बोअरचे पाणी तुटले की तिची उष्णता जाण्यास मार्ग राहत नाही व थ्रस्ट बेअरिंगही खराब होते.

६) यांत्रिक दोष : झिजलेले बेअरिंग, अडकलेला इंपेलर, अति घट्ट केलेली ग्लँड दोरी, सरळ रेषेत नसलेले कपलिंग यांमुळे भार वाढतो.

यांपैकी कोणत्याही कारणाला ऑटो स्विचची जोड मिळाली की धोका वाढतो. वीज आली की त्या रोहित्रावरील सर्व मोटारी एकाच वेळी सुरू होतात व दाब खाली बसतो. एखादा फेज आलेला नसेल तर तेथे पाहायला कोणी नसते. महावितरणही ऑटो स्विच टाळण्याचे व कॅपॅसिटर बसविण्याचे आवाहन करीत असते, त्यामागे हेच कारण आहे.

जळालेले वाइंडिंग काय सांगते ?

दुकानात मोटार उघडताना शक्य तर स्वतः हजर राहावे. जुने वाइंडिंग कापून टाकण्यापूर्वी ते पाहावे आणि खालीलप्रमाणे कारण शोधावे.

अ) सर्व कॉइल सारख्याच काळ्या झाल्या आहेत – जादा भार, कमी दाब, पंप अडकणे किंवा मोटार कोरडी चालणे.

ब) दोन फेजच्या कॉइल जळाल्या, तिसऱ्या फेजच्या स्वच्छ आहेत – एक फेज गेला होता, मोटारीची जोडणी स्टार आहे.

क) एकाच फेजच्या कॉइल जळाल्या, बाकी दोन फेजच्या चांगल्या आहेत – एक फेज गेला होता, जोडणी डेल्टा आहे.

ड) एका फेजच्या कॉइल जास्त व इतर दोन फेजच्या कमी काळवंडल्या आहेत – फेजमधील असमतोल.

इ) एकाच कॉइलमध्ये तार वितळून गाठ झाली आहे, बाकी वाइंडिंग ठीक आहे – तारा एकमेकींना भिडल्या. भरताना आवरण खरवडले जाणे किंवा वीज कडाडताना तारेतून आलेला जादा दाब ही कारणे संभवतात.

ई) खाचेच्या तोंडाशी किंवा खाचेत एकच जळका डाग आहे – वाइंडिंग मोटारीच्या धातूला लागले, म्हणजेच अर्थ झाले.

उ) स्टेटरच्या आतील पृष्ठभागावर घासल्याच्या चकचकीत खुणा आहेत – बेअरिंग किंवा बुश झिजले आहे.

‘ब’ किंवा ‘क’ प्रकार आढळल्यास मोटार कितीही चांगली भरली तरी उपयोग नाही. प्रथम स्टार्टरचे काँटॅक्ट, फ्यूज, केबलचे सांधे आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर तपासावा. ‘उ’ प्रकारात बेअरिंग न बदलता केवळ वाइंडिंग भरणे म्हणजे पैसे वाया घालविणे होय.

जळण्यापूर्वी करावयाच्या तपासण्या

पुढील तपासण्या परवानाधारक वायरमनकडून करून घ्याव्यात. ओल्या हाताने किंवा अनवाणी स्टार्टर उघडू नये.

दाबाचा असमतोल : मोटार चालू असताना तिन्ही फेजच्या जोड्यांमधील दाब मोजावा. समजा, तो ४००, ३९२ व ३७८ व्होल्ट आला. सरासरी ३९० होते. सरासरीपासून सर्वांत जास्त फरक १२ व्होल्टचा आहे. १२ ला ३९० ने भागून १०० ने गुणल्यास असमतोल ३.१ टक्के येतो. या टक्केवारीचा वर्ग करून दुप्पट केली म्हणजे मोटारीच्या तापमानवाढीत किती टक्के भर पडेल याचा अंदाज मिळतो. येथे ती सुमारे १९ टक्के येते. मोटार एरवी भोवतालच्या तापमानापेक्षा ६० अंशांनी तापत असेल, तर आता ती आणखी ११ अंशांनी तापेल. म्हणजे वर दिलेल्या नियमाप्रमाणे आवरणाचे आयुष्य निम्म्याहून कमी झाले. केवळ २२ व्होल्टचा फरक एवढे नुकसान करू शकतो.

दोष लाइनचा की मोटारीचा ? : क्लॅम्प मीटरने तिन्ही तारांतील प्रवाह मोजावा. समजा, लाल फेजला ८.४, पिवळ्याला ८.९ व निळ्याला ९.७ अँपिअर आले. सरासरी ९.० आणि सर्वांत जास्त फरक ०.७, म्हणजे असमतोल ७.८ टक्के झाला. तो ५ टक्क्यांच्या आत असावा. येथे शेतकरी म्हणतो लाइन खराब आहे, आणि लाइनमन म्हणतो मोटार खराब आहे. हा वाद मिटविण्याची सोपी पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

मेन स्विच बंद करून फ्यूज काढावेत. मोटारीच्या तिन्ही तारांवर १, २, ३ अशा खुणा कराव्यात. नंतर तिन्ही तारा एकेक घर पुढे सरकवाव्यात. म्हणजे १ च्या जागी ३, २ च्या जागी १ आणि ३ च्या जागी २ जोडावी. तिन्ही तारा सरकविल्याने फिरण्याची दिशा बदलत नाही. दोनच तारांची अदलाबदल केल्यास मात्र मोटार उलटी फिरते. आता पुन्हा प्रवाह मोजावा. जास्तीचा प्रवाह पूर्वीच्याच निळ्या फेजवर राहिला, तर दोष वीजपुरवठ्यात किंवा स्टार्टरपर्यंतच्या जोडणीत आहे. तो मोटारीच्या त्याच तारेबरोबर दुसऱ्या फेजवर सरकला, तर दोष मोटारीत किंवा तिच्या केबलमध्ये आहे. तिसऱ्यांदा तारा सरकवून खात्री करून घ्यावी.

मेगरची तपासणी : स्टार्टरपासून मोटारीच्या तारा सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने तार व अर्थ यांमधील रोध मोजावा. जमिनीवरील मोटारीचा रोध १ मेगओहमपेक्षा कमी असल्यास ती चालू करू नये. ओल धरली असल्यास वाळवून पुन्हा मोजावे. पाण्यात उतरविलेल्या मोटारीचे केबलसह माप २ मेगओहमच्या वर असल्यास ठीक समजावे. ते अर्ध्या मेगओहमच्या खाली गेल्यास मोटार सवडीने काढून केबलचा सांधा प्रथम पाहावा. पुष्कळदा मोटार चांगली असते आणि सांध्यात पाणी शिरलेले असते. एका मापापेक्षा दर तीन महिन्यांनी घेतलेली मापे अधिक बोलकी असतात. आकडा सारखा घसरत असेल तर ती पूर्वसूचना समजावी.

रोटरची दांडी तुटणे : पाण्याची धार एकसारखी असताना अँमिटरचा काटा संथपणे मागे-पुढे हलत असेल व मोटारीचा आवाज लयीत कमी-जास्त होत असेल, तर रोटरची दांडी तुटल्याची शंका घ्यावी. काट्याबरोबर पाणीही उसळत असेल तर पंप हवा ओढत आहे असे समजावे. प्रयोगशाळांत व कारखान्यांत हाच दोष प्रवाहाचे सूक्ष्म विश्लेषण करून ओळखतात. ४ टक्के मागे पडणाऱ्या मोटारीत दांडी तुटली असल्यास ५० हर्ट्झच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे ४६ व ५४ हर्ट्झवर, लहान खुणा उमटतात.

बेअरिंग : वीज बंद करून शाफ्ट हाताने फिरवावा. खरखर लागणे, अडकणे किंवा शाफ्ट वर-खाली हलणे ही झिजेची लक्षणे आहेत. ग्रीस बेताचेच भरावे. जास्त भरल्यासही बेअरिंग तापते.

सौर पंपातील कायम चुंबकाची मोटार

महाराष्ट्रात २०१९ पासूनच्या पीएम-कुसुम योजनेमुळे व २०२४ मध्ये सुरू झालेल्या मागेल त्याला सौर कृषी पंप योजनेमुळे ३, ५ व ७.५ अश्वशक्तीचे सौर पंप अनेक शेतांवर आले आहेत. त्यांतील काही पंपांना इंडक्शन मोटार असते, तर डी. सी. पंप म्हणून दिल्या जाणाऱ्या संचांत सहसा कायम चुंबकाची, ब्रश नसलेली मोटार असते. आपल्याकडे कोणती आहे हे पट्टीवरून व माहितीपुस्तिकेवरून निश्चित करावे, कारण दोन्हींचे बिघाड वेगळे असतात.

कायम चुंबकाच्या मोटारीत रोटरवर दांड्यांऐवजी चुंबक बसविलेले असतात. रोटरला चुंबकत्व देण्यासाठी प्रवाह खर्च होत नाही, म्हणून तेवढ्याच सौर पॅनेलवर ही मोटार अधिक पाणी देऊ शकते. तिचा रोटर फिरत्या क्षेत्राच्या मागे न राहता त्याच्याबरोबरच फिरतो. त्या क्षेत्राचा वेग उन्हाप्रमाणे ठेवण्याचे काम कंट्रोलर करतो.

या चुंबकांत निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा मिश्रधातू पुष्कळ वापरतात. तो १९८० च्या दशकात जपान व अमेरिकेत स्वतंत्रपणे विकसित झाला. हे चुंबक अतिशय प्रभावी असले तरी उष्णतेला हळवे असतात. साध्या प्रतीचे चुंबक सुमारे ८० अंशांपर्यंत टिकतात. १२० किंवा १५० अंशांपर्यंत टिकणाऱ्या प्रतीही मिळतात. मर्यादेपलीकडे तापल्यास किंवा वाइंडिंगमधून फार मोठा प्रवाह गेल्यास चुंबकत्व कायमचे कमी होते. अशी मोटार फिरते, परंतु तेवढ्याच पाण्यासाठी जास्त प्रवाह घेते व अधिक तापते. त्यामुळे चुंबकत्व आणखी घटते.

या मोटारीबाबत पुढील काळजी घ्यावी.

१) ही मोटार महावितरणच्या लाइनला थेट कधीही जोडू नये. ती सुरू होत नाही. मोठा प्रवाह घेते आणि वाइंडिंग जळण्याबरोबर चुंबकही निकामी होऊ शकतात.

२) पाणी कमी झाल्यास प्रथम पॅनेलवरील धूळ, सावली व सैल जोडण्या पाहाव्यात. कंट्रोलरवर दिसणारा दोषाचा क्रमांक, अँपिअर व फेऱ्यांचा वेग लिहून ठेवावा.

३) कंट्रोलर बंद केल्यानंतरही त्यातील कॅपॅसिटरमध्ये काही मिनिटे घातक दाब राहतो. पॅनेलच्या तारांत तर ऊन असेपर्यंत दाब असतोच. कॉलम पाइपमधील पाणी खाली येताना पंप उलटा फिरला तर मोटारीच्या तारांतही दाब निर्माण होतो. म्हणून तारांना हात लावू नये.

४) मेगर लावण्यापूर्वी मोटारीच्या तारा कंट्रोलरपासून सोडवाव्यात, अन्यथा कंट्रोलर खराब होईल.

वर काढलेल्या मोटारीची जाणकाराने करावयाची एक सोपी तपासणी अशी आहे. तिन्ही तारा मोकळ्या ठेवून शाफ्ट हाताने फिरवावा. नंतर तिन्ही तारांची टोके एकत्र जोडून पुन्हा फिरवावा. चांगल्या मोटारीत टोके जोडल्यावर शाफ्ट स्पष्टपणे जड लागतो. फरक पडत नसेल तर चुंबक दुबळे झाले आहेत किंवा वाइंडिंग तुटले आहे. टोके मोकळी असतानाही शाफ्ट सारखाच जड लागत असेल, तर वाइंडिंगच्या तारा आत भिडल्या आहेत किंवा यांत्रिक अडथळा आहे. तारा भिडलेल्या असतील तर अशी मोटार फिरवतही ठेवू नये. इंडक्शन मोटारीची वीज बंद केली की तिचे चुंबकीय क्षेत्र नाहीसे होते. येथे चुंबक बंद करता येत नाही. रोटर फिरतो तोपर्यंत भिडलेल्या तारांत प्रवाह वाहत राहतो.

वरील २०२४ च्या योजनेत पंपाची पाच वर्षे दुरुस्ती हमी असते. त्या काळात मोटार बाहेर उघडून घेऊ नये. रोटर बाहेर काढताना तो स्टेटरकडे जोराने ओढला जातो व बोटे चिरडतात. हातोडीचा ठोका बसल्यास चुंबक फुटतात आणि लोखंडाचा कीस चिकटून बसतो.

मोटार भरून घेताना

जुन्या तारेचा गेज, प्रत्येक कॉइलमधील वेढे व जोडणीचा प्रकार लिहून घ्यावा आणि नवीन वाइंडिंग तसेच भरावे. बारीक तार वापरल्यास रोध वाढून तार तापते. वेढे कमी घेतल्यास मोटार भार नसतानाही जास्त प्रवाह घेते. जुने वाइंडिंग काढण्यासाठी स्टेटर उघड्या आगीत टाकू देऊ नये. त्यामुळे चकत्यांमधील निरोधक थर जळतो व मोटार पुढे कायमच जास्त तापते. भरून आणलेल्या मोटारीचे मेगरचे माप व चालू असतानाचे तिन्ही अँपिअर पहिल्याच दिवशी नोंदवावेत. आत पाणी भरावयाची पाणबुडी मोटार स्वच्छ पाण्याने पूर्ण भरून, हवा निघून गेल्यावरच उतरवावी.

लक्षात ठेवावयाच्या बाबी

• स्टार्टरचा ओव्हरलोड रिले पट्टीवरील अँपिअरवर ठेवावा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले मोटारीच्या फेजमध्ये असल्यास तो पट्टीवरील आकड्याच्या ५८ टक्क्यांवर ठेवावा.
• रिले वारंवार पडतो म्हणून त्याला काडी लावून अडवू नये. तो का पडतो ते शोधावे.
• सिंगल फेज प्रिव्हेंटर व बोअरवेलसाठी ड्राय रन प्रिव्हेंटर बसवावा.
• योग्य क्षमतेचा कॅपॅसिटर बसवावा; ५ अश्वशक्तीच्या मोटारीसाठी साधारणपणे २ के.व्ही.ए.आर. चा लागतो.
• अर्थिंग ओली व घट्ट जोडलेली ठेवावी.
• स्टार्टरच्या पेटीत एक लहान वही ठेवून महिन्यातून एकदा व्होल्ट व अँपिअर, आणि दर तीन महिन्यांनी मेगरचे माप लिहावे.

जनावर चारा खाईनासे झाले की शेतकरी ते आजारी पडण्याची वाट पाहत बसत नाही. मोटारीच्या वहीतील आकडे बदलू लागले की तेच धोरण ठेवावे. एका सैल सांध्याची दुरुस्ती पान्याने दहा मिनिटांत होते. तो तसाच राहिल्यास मोटार भरण्याचा खर्च आणि पिकाची एक पाळी, दोन्ही गमवावे लागतात.